वारीची वही : घरच्या घरी चाललेलं अंतर न चुकता कसं मोजावं

आषाढीच्या वारीला पायी जाणं सगळ्यांना जमत नाही. कुणाची नोकरी आड येते, कुणाचे गुडघे. अशी पुष्कळ माणसं तेवढंच अंतर आपल्या गावातल्या रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात नाहीतर गच्चीवर चालतात आणि वहीत एकेक मुक्काम गाठत पंढरपूरला पोचतात. आळंदीहून पालखीच्या वाटेनं हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर भरतं. चालायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो हिशेबात. आणि तो बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो, कारण आकडा कमी आला तर आपण तीनदा बेरीज करून बघतो. जास्त आला की वही मिटून ठेवतो. म्हणून ही कृती नीट, टप्प्याटप्प्यानं लिहिली आहे. चालण्याऐवजी नामजप, वाचलेली पानं किंवा पोहण्याच्या फेऱ्या मोजत असाल तरी यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

साहित्य : शंभर पानी वही, पेन (पेन्सिल नको, ती खोडता येते), मनगटावरचं किंवा खिशातलं घड्याळ, तीस मीटरची टेप आणि वीस-पंचवीस चिंचोके. टेप विकत घ्यायची गरज नाही; जवळ कुठे बांधकाम चालू असेल तर मिस्त्री अर्ध्या तासासाठी आनंदानं देतात. फोन पावलं मोजत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

१. आधी वाट लिहून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक : आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. प्रत्येक नावापुढे एकच आकडा लिहायचा, तो म्हणजे आळंदीपासूनचं अंतर. मागच्या मुक्कामापासूनचं अंतर शेजारी लिहू नका. दोन रांगा शेजारी आल्या की महिन्याभरानं कुठली बेरजेची आणि कुठली बेरीज झालेली, हे कळेनासं होतं आणि बेरजांचीच पुन्हा बेरीज होते. वेगवेगळ्या पत्रकांत अंतरं थोडी वेगळी दिसतील. कुठलंही एक पत्रक घ्या आणि शेवटपर्यंत तेच धरा.

या यादीतच पहिली गंमत दडलेली आहे. नावं पंधरा आहेत, टप्पे चौदाच. अडीचशेला पंधरानं भागलं तर टप्पा पावणेसतरा किलोमीटरचा येतो, चौदानं भागलं तर जवळजवळ अठराचा. टप्पे चौदा असले तरी दिवस चौदा नसतात, कारण पालखी पुण्याला आणि सासवडला प्रत्येकी दोन रात्री थांबते. नावं, टप्पे आणि दिवस या तीन वेगळ्या मोजण्या आहेत. एकीचा आकडा दुसरीच्या जागी गेला की पुढचं सगळं गणित सरकतं.

२. दिवस मोजा. समजा, १ एप्रिलला सुरुवात करून ३० जूनला पोचायचं आहे. कॅलेंडर समोर ठेवून मोजा : एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे तीस, एकूण ९१. तारखेतून तारीख वजा केली तर ९० येतील, कारण पहिला दिवस वजाबाकीत गळतो. ‘तीन महिने म्हणजे बारा आठवडे’ असं तोंडी म्हटलंत तर ८४च दिवस हाती येतात आणि अख्खा एक आठवडा जातो. महिन्याला चार आठवडे धरायची ही सवय वर्षाच्या हिशेबात फारच महाग पडते : २८ गुणिले १२ म्हणजे ३३६, उरलेले २९ दिवस कुठे गेले ते कुणालाच सांगता येत नाही. घरातल्या दुधाच्या हिशेबात ही चूक कुणी करत नाही, कारण तिथे दूधवाला महिन्याचे दिवस बरोबर मोजतो.

९१ दिवस म्हणजे बरोबर तेरा आठवडे. आठवड्यातून एक दिवस विश्रांती धरली तर चालायचे दिवस ७८ उरतात. २५० भागिले ७८, म्हणजे रोज साधारण ३ किलोमीटर २०० मीटर. रोजचं अंतर असं स्वतःच्या वाटेवरून काढावं. दहा हजार पावलांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो जपानमधल्या एका कंपनीनं १९६५ साली विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. तुमच्या पंढरपूरचा आणि त्या आकड्याचा काही संबंध नाही.

३. आपलं पाऊल मोजा. सगळ्या कृतीतली ही सर्वांत नाजूक पायरी आहे, तेव्हा इथे घाई करू नका. सपाट रस्त्यावर टेपनं शंभर मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा. आधी दहा मिनिटं चालून घ्या, म्हणजे पाय नेहमीच्या चालीला येतात. घरातून निघाल्या निघाल्या मोजलेलं पाऊल आखडलेलं असतं. मग एका रेघेवरून दुसऱ्या रेघेपर्यंत जा आणि प्रत्येक पाऊल मोजा, उजवंही आणि डावंही. असं तीनदा करा. समजा १५२, १५६ आणि १५४ आली, तर सरासरी १५४. शंभर मीटरला १५४, म्हणजे किलोमीटरला १५४०. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा : ‘१५४० पावलं = १ किलोमीटर’. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवण्यापेक्षा हा आकडा बरा, कारण पुढे एकच भागाकार उरतो आणि दशांशचिन्ह घसरायला जागा राहत नाही.

‘उजवंही आणि डावंही’ हे मी मुद्दाम लिहिलं आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी पाऊल मोजलं ते फक्त उजवा पाय टेकला की एक, असं. मोजायला ते सोपं जातं, पुष्कळजण तसंच मोजतात. शंभर मीटरला त्यांची ७७ आली. शंभरला ७७नं भागून त्यांनी १ मीटर ३० सेंटिमीटर हा आकडा काढला, भागाकार अगदी बरोबर केला आणि देवघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. फोन मात्र दोन्ही पायांची पावलं मोजत होता. रोज पाच हजारांच्या आसपास पावलं व्हायची, त्यांना १.३०नं गुणून रोज साडेसहा किलोमीटर वहीत चढायचे. एकोणचाळिसाव्या दिवशी काकू पंढरपूरला पोचल्या. अख्ख्या इमारतीत पेढे वाटले, आणि आम्ही सगळ्यांनी ते मनापासून खाल्ले.

पेढा खाता खाता त्यांच्या नातीनं विचारलं, “आजी, एक मीटर तीस म्हणजे किती गं?” आणि टेप आणून जमिनीवर लावली. सव्वाचार फूट. काकूंची उंची पाच फूट एक इंच. तेवढ्या अंतरावर एक पाय इकडे नि एक पाय तिकडे ठेवून बघायचा प्रयत्न झाला, भिंतीचा आधार घेऊनही जमेना, आणि घरात जी हसाहस झाली ती जिन्यापर्यंत ऐकू आली. काकू स्वतः सगळ्यांत जास्त हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे मी आहे कुठे आत्ता?”

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारण्यासारखा तोच एक प्रश्न असतो. पाच हजार भागिले १५४०, म्हणजे रोजचे सव्वातीन किलोमीटर. एकोणचाळीस दिवसांचे १२६ किलोमीटर ६०० मीटर. पहिल्या पानावर बोट फिरवलं तर जागा सापडली : तरडगाव मागे पडलेलं, फलटण अजून यायचं. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण होऊन गेलेलं.

तर, पाऊल मोजून झालं की तिथल्या तिथे एक पडताळा करा. मोठ्या माणसाचं साध्या चालीचं पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण चार-दशांश असतं. पाच फूट एक इंच म्हणजे १५५ सेंटिमीटर, त्याचे चार-दशांश ६२. टेपनं ६५ आलं तर ठीक आहे. १३० आलं तर एक पाय मोजायचा राहिला आहे.

४. रोज काय लिहायचं. डाव्या पानावर चार रकाने आखा : तारीख, पावलं किंवा फेऱ्या, मिनिटं, शेरा. किलोमीटरचा रकाना आखायचा नाही. रोज फक्त पायांनी जे केलं तेवढंच लिहायचं. त्याचं अंतर किती झालं हे रविवारी, उजव्या पानावर. या एका शिस्तीवर ही सगळी कृती उभी आहे. गुणाकार चुकला, गुणक चुकला, तरी डावं पान खरं राहतं आणि त्यावरून उजवं पान पुन्हा लिहिता येतं. ज्यांनी रोज फक्त किलोमीटर लिहिले, त्यांची चूक सापडली तरी दुरुस्त करायला काही उरत नाही. काकूंच्या वहीत सुदैवानं पावलंही लिहिलेली होती.

फोन आणि घड्याळ दोन्ही असतील तर एकच धरा. दोघांची पावलं एकाच ठिकाणी जमा होत असतील तर कधी कधी दोन्ही मोजली जातात. हातातलं घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं, त्यामुळे भजनात टाळ वाजवताना, पोळ्या लाटताना त्यात भर पडू शकते. उलट दोन्ही हातांनी बाबागाडी ढकलत चाललात तर खरी पावलंही निसटतात. फोन कमरेला किंवा खिशात बरा. टेबलावर ठेवलेला, चार्जिंगला लावलेला फोन काहीच चालत नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे फिरायला निघताना आकडा बघायचा, परतल्यावर बघायचा आणि वजाबाकी लिहायची. दिवसभर घरात झालेली पावलं वारीत धरायची की नाही हे पहिल्या दिवशीच ठरवा; मला विचाराल तर धरू नका.

५. फेऱ्या मोजत असाल तर चिंचोके उजव्या खिशात भरा. फाटकाशी आलात की एक डाव्या खिशात टाका, निघताना नाही. निघतानाच ‘एक’ म्हणून सुरुवात केली की दहा म्हणताना नऊच फेऱ्या झालेल्या असतात, आणि ही चूक रोज होते. फेरीचं अंतर एकदा टेपनं मोजा, दिव्याच्या खांबांवरून काढू नका. काढायचंच असेल तर एवढं पाहा : सरळ रस्त्यावर दहा-दहा मीटरवर एकवीस खांब असतील तर अंतर २०० मीटर आहे, २१० नाही. बागेभोवती गोल फिरत असाल तर मात्र जितके खांब तितकी अंतरं, कारण शेवटच्या खांबानंतर पुन्हा पहिलाच येतो.

मैदानावरच्या धावपट्टीवर चालत असाल तर चारशे मीटर ही फक्त सगळ्यांत आतल्या पट्टीची फेरी. प्रमाणित मैदानावर प्रत्येक पट्टीला सुमारे साडेसात मीटर वाढत आठव्या पट्टीची फेरी ४५३ मीटरच्या घरात जाते. पहाटे आतल्या पट्ट्यांवर पळणारी मुलं असतात, आपण बाहेरून चालतो, आणि दहा फेऱ्यांना अर्धा किलोमीटर हिशेबात येतच नाही. ही चूक तुमच्या विरुद्ध जाणारी आहे, तरी ती दुरुस्त कराच.

६. वेळ मिनिटांत लिहा. ‘१.०५ तास’ असं आपण सगळे लिहितो आणि वाचणाऱ्याला एक तास पाच मिनिटं कळतंही. पण कॅल्क्युलेटरला ते कळत नाही. चार दिवसांची वेळ ०.४५, ०.५०, १.०५ आणि ०.५५ अशी लिहिली आणि बेरीज मारली, तर २.५५ येतात. दोन तास पंचावन्न मिनिटं! आकडा इतका साजरा दिसतो की शंका येतच नाही. खरी बेरीज करा : ४५, ५०, ६५ आणि ५५ मिळून २१५ मिनिटं, म्हणजे तीन तास पस्तीस मिनिटं. चाळीस मिनिटं कुठे गेली? तास साठाला पुरा व्हायचा, यंत्रानं तो शंभराला पुरा धरला. म्हणून वहीत ‘६५ मि.’ एवढंच. तास करायचे असतील तर रविवारी साठानं भागा.

एककांचा हा घोटाळा घरगुती वह्यांपुरताच असतो असं नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या नव्या बोईंग ७६७ विमानात इंधन भरताना किलोच्या गुणकाऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला. लागणार होतं त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी इंधन भरलं गेलं आणि दोन्ही इंजिनं आकाशात बंद पडली. वैमानिकांनी ते अवाढव्य विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. तिथेही गुणाकार बरोबर होता, गुणक दुसऱ्या मापाचा होता. तुमचं ॲप किलोमीटर दाखवतंय की मैल, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर.

७. रविवारचा हिशेब. चहा झाला की वही घ्या. डाव्या पानावरची आठवड्याची पावलं आधी एकत्र मिळवा, मग एकदाच १५४०नं भागा. रोज भागून, रोज थोडं वर ढकलून मिळवू नका. सव्वातीनचे साडेतीन करायला मन लगेच तयार होतं, आणि अठ्ठ्याहत्तर दिवसांत त्या पाव-पाव किलोमीटरचे साडेएकोणीस होतात. वाल्ह्याहून लोणंदपर्यंतचं चालणं न चालताच पदरात पडतं.

सरासरी काढायची असेल तर एकूण अंतराला एकूण दिवसांनी भागा. सरासऱ्यांची सरासरी काढू नका. पहिल्या आठवड्यात सात दिवस रोज तीन, दुसऱ्या आठवड्यात पाऊस म्हणून दोनच दिवस पण सहा-सहा. तीन आणि सहाची सरासरी साडेचार, म्हणून हुरळून जाल. खरं तर तेहतीस किलोमीटर नऊ दिवसांत, म्हणजे पावणेचारलाही थोडं कमी. वेगाचंही तसंच. वेताळ टेकडीसारख्या चढावर दोन किलोमीटर ताशी तीनच्या वेगानं गेलात आणि ताशी सहानं उतरलात, तर सरासरी साडेचार नाही, चार. चढायला चाळीस मिनिटं, उतरायला वीस. तासात चार किलोमीटर. चढावर वेळ जास्त जातो, म्हणून तो वेग सरासरीत जास्त भरतो.

८. ताळा करा. शाळेत गणित सोडवून झालं की ताळा करायचो तसाच, पण नियम एक : पहिल्या हिशेबातली एकही गोष्ट ताळ्यात वापरायची नाही. पावलांवरून अंतर काढलं असेल तर ताळा मिनिटांवरून करा. सपाटीवर साधी चाल तासाला चार ते पाच किलोमीटर. काकू रोज पाऊण तास चालायच्या. पाऊण तासात सव्वातीन किलोमीटर म्हणजे ताशी साडेचारच्या जरा आत, अगदी बरोबर. पाऊण तासात साडेसहा म्हणजे ताशी पावणेनऊच्या आसपास, ते पळणं झालं. वहीत मिनिटांचा रकाना असता तर पहिल्याच रविवारी उलगडा झाला असता. दोन उत्तरांत दहा टक्क्यांचा फरक असेल तर सोडून द्या, रस्ता आणि माणूस दोन्ही रोज सारखे नसतात. दुप्पट-निमपट असेल तर चूक आहेच. आणि ज्या रविवारी आकडा बघून छाती फुगेल, त्या रविवारी ताळा दोनदा करा.

९. चूक सापडली तर पान फाडू नका. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा आणि तारीख लिहा. पुठ्ठ्यावरचा गुणक बदला, डाव्या पानावरून सगळे रविवार पुन्हा करा. अर्ध्या तासाचं काम आहे. मग उरलेलं अंतर उरलेल्या दिवसांनी भागा, झालेल्या दिवसांचा विचार करत बसू नका. काकूंचं गणित असं निघालं : अडीचशेतून १२६.६ वजा जाता १२३.४ किलोमीटर बाकी, एक्याण्णवातून एकोणचाळीस गेले की ५२ दिवस बाकी. रोज २ किलोमीटर ३७५ मीटर चाललं तरी पुरे. त्या तर सव्वातीन चालतच होत्या. मूळ मुदतीत, मधे विश्रांतीचे दिवस घेऊनही त्या सहज पोचणार होत्या. अडीचशे किलोमीटरला त्यांच्या पाच हजार पावलांचे ७७ दिवस लागतात आणि मुदत ९१ दिवसांची होती.

१०. गुणक जुना होऊ देऊ नका. नव्या चपला घेतल्या, वजन उतरलं, आजारातून उठलात, डोंगरातल्या गावी महिनाभर राहायला गेलात, की शंभर मीटर पुन्हा मोजा. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर पाऊल आपोआप आखूड पडतं, तेव्हा जूनमध्येही एकदा मोजा. नवा आकडा आला तर तो त्या तारखेपासून पुढेच लावा. मागची पावलं मागच्या गुणकानंच मोजलेली राहू द्या. दोन्ही आकडे पुठ्ठ्यावर तारखांसकट एकाखाली एक असू देत.